‘चाकांवर जातो’: मज्जारज्जूच्या इजेनंतर क्वालिटी ऑफ लाइफ मोजायची कशी?

प्रश्न असा आहे: “मी पुनर्वसन विभागात फिजिओथेरपिस्ट आहे. मज्जारज्जूला इजा झालेल्या पेशंटची क्वालिटी ऑफ लाइफ दर सहा महिन्यांनी मोजून रिपोर्ट द्या, असं वरून सांगितलंय. आम्ही एसएफ-३६ ही ३६ प्रश्नांची आरोग्याची प्रश्नावली वापरतो. एका पेशंटला कमरेखाली काहीच हालचाल नाही. शारीरिक क्षमतेत त्याचा स्कोअर शून्याच्या आसपास येतो, आणि तो म्हणतो, मी मजेत आहे. फॉर्म चुकतोय की तो स्वतःची समजूत काढतोय? कोणतं माप वापरू?”

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे आणि गेली वीसेक वर्षं याच पेशंटांबरोबर काम करते. उत्तर लांबणार आहे, कारण तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत.

आधी फॉर्मचं बघू. काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ माझ्यासमोर बसून एसएफ-३६ भरत होते. इजा पाठीच्या मधल्या भागात, छातीखाली संवेदना नाही, हात मात्र दणकट. ‘एक जिना चढणे’ या ओळीवर त्यांचं पेन थांबलं. “मॅडम, लिफ्टने गेलेलं धरायचं का?” मी म्हटलं, तसं काही लिहिलेलं नाही. “मग लिफ्ट बंद असतानाचं विचारताय का?” पुढे एक मैलाहून जास्त चालण्याची ओळ आली. हे गृहस्थ रोज व्हीलचेअरने त्याच्या दुप्पट अंतर जाऊन कामावर बसत होते. शेवटी त्यांनी चालण्याच्या सगळ्या ओळींवर ‘खूप अडचण’ अशी खूण केली आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं, ‘चाकांवर जातो’. कॉम्प्युटरमध्ये समास भरायला रकाना नसतो. तिथे फक्त खुणा गेल्या.

एसएफ-३६ मध्ये शारीरिक क्षमतेचे दहा प्रश्न आहेत. त्यांतले दोन जिने चढण्याचे, तीन चालण्याचे आणि एक वाकण्या-गुडघे टेकण्याचा. म्हणजे पूर्ण पॅराप्लेजिया (हात चांगले, पाय निकामी) असलेला माणूस कितीही स्वावलंबी झाला तरी निम्म्याहून जास्त प्रश्नांत तळालाच राहणार. याला आपण फ्लोअर इफेक्ट म्हणतो. वजनकाट्यावर ५० किलोच्या खालचं काही दिसतच नसेल, तर ४८ वरून ३० वर आलेला आणि ३० वरून ४८ वर गेलेला दोघं सारखेच. समजा, तुमचा पेशंट दोन वर्षांपूर्वी बेडवरून व्हीलचेअरवर दोघांच्या मदतीने यायचा आणि आता एकटा येतो. फॉर्मला तो फरक दिसत नाही. ‘चालणे’, ‘चढणे’ यांच्या जागी ‘जाणे’ घालून बदललेल्या आवृत्त्या संशोधकांनी वापरल्या आहेत आणि त्या बऱ्या चालतात. पण प्रश्न बदलला की सर्वसामान्य लोकसंख्येच्या आकड्यांशी सरळ तुलना करता येत नाही, आणि मुळात बरेच जण त्या तुलनेसाठीच एसएफ-३६ उचलतात. स्वतःच्या मनाने शब्द बदलून फॉर्म छापू नका, एवढं मात्र सांगते. परवान्याचा प्रश्न येतोच, शिवाय पुढे तो डेटा कुणाच्याच कामाचा राहत नाही.

आता एक सवय सांगते. कोणतंही माप हातात आलं की मी आधी विचारते: इथे मार्क कोण देतंय?

आपल्याकडे रोज वापरात असलेल्या बऱ्याच मापांत मार्क देणारे आपणच असतो. इजा किती गंभीर हे सांगणाऱ्या एशिया स्केलचा ए ते ई दर्जा देतो तपासणारा: स्नायूंची ताकद, टाचणीची टोच, गुदद्वाराजवळची संवेदना. एससीआयएम म्हणजे स्पायनल कॉर्ड इंडिपेंडन्स मेझर, ० ते १०० गुणांचं. त्यात स्वतःची कामं २०, श्वसन आणि लघवी-संडासचं नियंत्रण ४०, हालचाल ४०. फार उपयोगी माप आहे, कारण हे बनवणाऱ्यांनी लघवी-संडासला योग्य वजन दिलंय. पण ते स्वावलंबन मोजतं. ६८ गुण असलेला माणूस सुखी आहे का, हे त्यातून कळत नाही, आणि कळावं असा त्याचा दावाही नाही. गंमत अशी की अनेक रिपोर्टांत मी एससीआयएमचा आकडा ‘क्वालिटी ऑफ लाइफ सुधारली’ या वाक्याखाली पाहिलाय. स्वावलंबन सुधारलं असेल तर तसंच लिहावं. त्यात कमीपणा काही नाही.

ईक्यू-५डी या आरोग्याच्या छोट्या प्रश्नावलीमध्ये मार्क देणारा तिसराच कुणीतरी असतो, आणि हे फार जणांना माहीत नसतं. पाच बाबी: हिंडणं-फिरणं, स्वतःची काळजी, रोजची कामं, दुखणं, चिंता-नैराश्य. जुन्या आवृत्तीत प्रत्येकीच्या तीन पातळ्या, म्हणून २४३ अवस्था. नव्या आवृत्तीत पाच पातळ्या, म्हणून ३,१२५. पेशंट फक्त खुणा करतो. त्या खुणांचा एक निर्देशांक काढतात: १ म्हणजे पूर्ण आरोग्य, ० म्हणजे मृत्यूइतकं, आणि हो, शून्याच्या खालीही जातो. प्रत्येक अवस्थेची किंमत सहसा सर्वसामान्य लोकांना विचारून ठरवलेली असते: कल्पना करा, तुम्ही या अवस्थेत आहात, किती वर्षं सोडायला तयार व्हाल? म्हणजे व्हीलचेअरवरच्या माणसाच्या आयुष्याची किंमत, जो कधी व्हीलचेअरवर बसला नाही त्याने ठरवली. जुन्या आवृत्तीत तर हिंडण्या-फिरण्याची सगळ्यात वाईट पातळी ‘अंथरुणाला खिळलेला’ अशी होती आणि तिच्या वरची ‘चालताना थोडी अडचण’. पॅराप्लेजियाच्या माणसाने खूण कुठे करायची? तो अंथरुणाला खिळलेलाही नाही आणि त्याची अडचण थोडीही नाही. नव्या आवृत्तीत शेवटची पातळी ‘चालता येत नाही’ अशी झाली. बरं झालं, पण चालण्याचा हट्ट सुटला नाही.

मी ईक्यू-५डीच्या विरोधात नाही. एका उपचारावर पैसे घालायचे की दुसऱ्यावर, हे ठरवणाऱ्यांना सगळ्या आजारांसाठी एकच नाणं लागतं, त्यासाठी ते आहे. तुमच्या विभागात एका पेशंटशी बसून बोलायला ते नाणं चालत नाही.

निरोगी माणसाच्या कल्पनेवर किती भरवसा ठेवायचा, याचं एक उत्तर १९९४ सालच्या एका अभ्यासात आहे. तातडीच्या विभागात काम करणाऱ्यांना विचारलं: तुम्हाला मज्जारज्जूची गंभीर इजा झाली तर जिवंत असल्याचा तुम्हाला आनंद वाटेल का? १८ टक्के हो म्हणाले. मानेत वरच्या पातळीवर इजा होऊन जगणाऱ्या लोकांना तोच प्रश्न विचारला, तर ९२ टक्के हो म्हणाले. हे तातडीच्या विभागातले लोक म्हणजे आपणच. त्या पहिल्या तासात पेशंटच्या कानावर पडणारे शब्द आपले असतात. १९९९ मध्ये अल्ब्रेख्त आणि देव्हलीगर यांनी गंभीर अपंगत्व असलेल्यांच्या मुलाखती घेतल्या. निम्म्याहून जास्त लोकांनी, ५४.३ टक्के, आपलं आयुष्य चांगलं किंवा उत्तम असल्याचं सांगितलं. त्यांनी याला अपंगत्वाचा विरोधाभास म्हटलं. मला तो शब्द पटत नाही. विरोधाभास आहे तो बाहेरून बघणाऱ्याच्या डोळ्यात.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: तो मजेत आहे म्हणतो, तर त्याचं उत्तर खरं धरायचं आणि मग पुढे विचारायचं. खोटं धरून सुरुवात करायची नाही.

पण याची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही. भाषणांत हमखास ऐकू येणारी एक गोष्ट आहे: लॉटरी लागलेला आणि लकवा झालेला, दोघंही वर्षभरात सारखेच सुखी होतात. ही गोष्ट १९७८ च्या ब्रिकमन आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासावरून आली. मूळ आकडे बघा. लॉटरीवाले २२, तुलनेसाठीचे २२, अपघातात लकवा झालेले २९. सध्याचं सुख ० ते ५ मध्ये: लॉटरीवाले ४.००, साधे लोक ३.८२, अपघातवाले २.९६. सारखे कुठे आहेत? लकवा झालेल्यांचा आकडा कमीच होता. फक्त लोकांनी कल्पिला होता तितका खोल नव्हता. माणूस जुळवून घेतो हे खरं, सगळेच पूर्ण जुळवून घेतात हे खोटं. ‘त्यांना सवय होते हो’ असं म्हणून कुणी कमोड खुर्चीची मागणी पुढे ढकलत असेल, तर त्यांच्यासमोर हे आकडे ठेवा.

आता तिसरा प्रश्न, कोणतं माप.

मी आज नव्याने सुरू करत असते तर पाया म्हणून एक अगदी छोटी गोष्ट ठेवली असती: इंटरनॅशनल स्पायनल कॉर्ड सोसायटीच्या डेटासेट मालिकेतला क्वालिटी ऑफ लाइफचा मूलभूत संच. २०१२ मध्ये आला. तीन प्रश्न, गेल्या चार आठवड्यांबद्दल, ० ते १०: एकूण आयुष्याबद्दल किती समाधानी, शारीरिक आरोग्याबद्दल किती, मानसिक आरोग्याबद्दल किती. नंतरच्या आवृत्तीत सामाजिक आयुष्याचा चौथा प्रश्न आला. बस. दोन मिनिटं लागतात. चालण्याचा उल्लेख नाही. मार्क देणारा पेशंट स्वतः. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं होतं, इतक्याशा प्रश्नांत काय कळणार. वापरायला लागल्यावर कळलं की फायदा लांबीतच आहे: इतका छोटा फॉर्म कुणी टाळत नाही, आणि उरलेली पंधरा मिनिटं बोलायला मिळतात.

त्याच्यावर एक मध्यम आकाराचं माप हवं असेल तर डब्ल्यूएचओक्यूओएल-ब्रेफ. २६ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांचे. शारीरिक, मानसिक, नातेसंबंध आणि परिसर असे चार भाग. जागतिक आरोग्य संघटनेची यामागची व्याख्या मला अजूनही सगळ्यात प्रामाणिक वाटते: माणूस ज्या संस्कृतीत आणि मूल्यांत जगतो तिथे, स्वतःची उद्दिष्टं, अपेक्षा, निकष आणि चिंता यांच्या संदर्भात, आयुष्यातली आपली जागा त्याला कशी वाटते. ‘त्याला’ हा शब्द महत्त्वाचा. यात हिंडण्या-फिरण्याचा प्रश्न ‘तुम्ही कितपत हिंडू-फिरू शकता’ असा आहे, कशाने ते विचारलेलं नाही. माझ्या समासवाल्या गृहस्थांनी तिथे पाचपैकी चार दिले असते. आणि परिसराच्या भागात आठ प्रश्न आहेत: पैसा, माहिती, घर, प्रवास, सुरक्षितता वगैरे. आमच्या पेशंटांची घसरण बऱ्याचदा इथे दिसते. पाय तेच असतात; दारात तीन पायऱ्या असतात.

या फॉर्ममध्ये दोन ठिकाणी पाय घसरतो. दुखणं, उपचारांची गरज आणि उदासी हे तीन प्रश्न उलटे आहेत, तिथे जास्त आकडा म्हणजे वाईट. ते उलटवून न घेता केलेल्या बेरजा मी बघितल्या आहेत. आणि ‘रोजचं आयुष्य चालवायला तुम्हाला वैद्यकीय उपचारांची किती गरज पडते’ या प्रश्नावर पेशंट विचारणार, कॅथेटर (लघवीची नळी) यात धरायचा का? दिवसातून पाच वेळा स्वतः कॅथेटर घालणाऱ्याला तो उपचार वाटत नाही, दात घासण्यासारखा वाटतो. दुसऱ्याला तोच कॅथेटर म्हणजे आजारपण वाटतं. तुम्ही उत्तर सुचवू नका. ‘तुम्हाला जसं वाटतं तसं’ एवढंच म्हणा, आणि काय विचारलं ते बाजूला टिपून ठेवा.

खास मज्जारज्जूच्या इजेसाठी बनवलेलं सविस्तर माप म्हणजे एससीआय-क्यूओएल, टल्स्की आणि सहकाऱ्यांचं, २०१५ मधलं. यात प्रश्नांचे मोठे साठे आहेत: लघवीचा त्रास, संडासचा त्रास, बेडसोर, दुःख, लवचीकपणा, सामाजिक भूमिका. कॉम्प्युटर तुमच्या आधीच्या उत्तरावरून पुढचा प्रश्न निवडतो, त्यामुळे थोडक्या प्रश्नांत नेमका आकडा येतो. स्कोअरची सरासरी ५० आणि प्रमाण विचलन, म्हणजे आकड्यांचा सरासरीभोवतीचा पसारा, १०. ज्यांच्याकडे सोय आहे त्यांनी जरूर वापरावं. तुमच्या भाषेत नीट तपासलेलं भाषांतर नसेल तर घाई करू नका. घरी बसून केलेलं भाषांतर म्हणजे नवीनच फॉर्म.

नैराश्यासाठी पीएचक्यू-९ बरेच ठिकाणी चालतो. नऊ प्रश्न, ० ते २७, १० किंवा जास्त आले तर नीट बघायचं. आपल्या पेशंटमध्ये झोप, थकवा, भूक हे प्रश्न मनाशिवायही वर जातात. वॉर्डात दर दोन तासांनी कूस बदलायला उठवलेला माणूस झोप नीट लागते असं कसं म्हणेल? तरी वापरा, पण बेरीज बघण्याआधी पहिले दोन प्रश्न बघा, गोडी आणि उदासी. आणि नववा प्रश्न जीव देण्याच्या विचारांचा आहे. तो फॉर्म वाटण्याआधी ठरवा की कुणी तिथे खूण केली तर त्याच दिवशी त्याच्याशी कोण बोलणार. ते ठरलेलं नसेल तर फॉर्म वाटू नका. गठ्ठ्यात पडून आठवड्याने वाचलेलं ते उत्तर मी एकदा पाहिलंय. सुदैवाने माणूस जिवंत होता.

यापुढचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं: कधी आणि कसं विचारायचं.

कसं, याबद्दल एक प्रसंग. मानेची इजा असलेला तिशीतला तरुण, बोटांना पकड नाही, म्हणून प्रश्न वाचून दाखवायचे आणि तो आकडा सांगणार. आमची विद्यार्थिनी वॉर्डात त्याच्या पलंगापाशी बसून वाचत होती. उशाला आई, शेजारच्या पलंगावर दुसरा पेशंट. लैंगिक आयुष्याबद्दल किती समाधानी? तो छताकडे बघून म्हणाला, “चार.” पाचपैकी चार! विद्यार्थिनीने चार लिहिले आणि पुढे गेली. तिची तरी काय चूक, तिलाही तो प्रश्न लवकर संपवायचा होता. पुढच्या आठवड्यात मी त्याला थेरपीच्या खोलीत दार लावून तेवढाच भाग पुन्हा विचारला. बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “एक लिहा. आणि डॉक्टरांना सांगाल का, की मला विचारायचंय.” पहिल्या दिवशीचा चार आमच्या खोलीने दिलेला होता, त्याने नव्हे. तेव्हापासून आमचा नियम: वाचून दाखवायचं असेल तर बंद खोली, नातेवाईक बाहेर, आणि आकड्यांचं मोठं कार्ड समोर, म्हणजे तोंडाने बोलायला नको, नजरेने किंवा मनगटाने दाखवलं तरी चालतं.

लैंगिक प्रश्न वगळून टाकावेत असं सुचवणारे सहकारी भेटतील. त्यांना २००४ मधला अँडरसन यांचा अभ्यास सांगा. मज्जारज्जूची इजा असलेल्या ६८१ जणांना विचारलं, कोणती गोष्ट परत मिळाली तर आयुष्य सगळ्यात जास्त सुधारेल? टेट्राप्लेजियाच्या (हात-पाय दोन्हींवर परिणाम झालेल्या) लोकांत पहिला नंबर हातांचा, ४८.७ टक्के. पॅराप्लेजियाच्या लोकांत पहिला नंबर लैंगिक क्षमतेचा, २६.७ टक्के. चालणं दोन्हीकडे पहिलं नव्हतं. आणि आपण पेशंट आला की पायांपासून सुरुवात करतो.

नातेवाइकांकडून भरून घेतलेला फॉर्म हा नातेवाइकांचा फॉर्म. कपडे कोण घालतं, आंघोळीला किती मदत लागते, इथे त्यांचं उत्तर पेशंटशी जुळतं. मनात काय आहे, इथे जुळत नाही, आणि माझ्या अनुभवात नातेवाईक सहसा खालचा आकडा देतात, कारण ते स्वतःचा थकवाही त्यात मिळवतात. तो थकवा खरा असतो. त्याचा वेगळा फॉर्म घ्या. डोक्यालाही मार लागल्यामुळे पेशंटला उत्तरं देणं जमतच नसेल तर नातेवाइकांचं घ्या, पण वर ठळक लिहा की उत्तर कुणाचं.

कधी विचारायचं, यात दर सहा महिन्यांचा नियम ऑफिसला सोयीचा आहे, पेशंटच्या आयुष्याला नाही. भरती झाल्यावरच्या पहिल्या काही आठवड्यांतला आकडा मी घेते, पण त्याला पायाचा दगड मानत नाही. तेव्हा माणूस अजून जुन्याच आयुष्याबद्दल बोलत असतो. मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो घरी गेल्यानंतरचा तिसरा-चौथा महिना. वॉर्डात सगळं हाताशी असतं, शेजारी आपल्यासारखीच माणसं असतात. घरी बाथरूमचं दार व्हीलचेअरपेक्षा अरुंद निघतं. मग एक वर्ष, मग वर्षातून एकदा. आणि नियमाबाहेर दोन वेळा: बेडसोरने पुन्हा भरती व्हावं लागलं तेव्हा, आणि खांदा दुखायला लागला तेव्हा. खांदा हे लहान दुखणं वाटतं. ज्याचे ट्रान्सफर (खुर्चीवरून पलंगावर वगैरे जाणं), चाक ढकलणं सगळं खांद्यावर चालतं, त्याला ती दुसरी इजा असते.

आता त्या आकड्याकडे. समजा एका बाईंनी वॉर्डात ७ दिले, घरी गेल्यावर ४, दोन वर्षांनी पुन्हा ७. रिपोर्टात लिहिणार, ‘पूर्ववत’. पण वॉर्डातल्या सातमध्ये ‘सहा महिन्यांत चालणार’ हा हिशोब होता. दोन वर्षांनंतरच्या सातमध्ये तो नव्हता. त्यात स्वतः गाडी चालवणं होतं, मुलीचा अभ्यास घेणं होतं. आकडा तोच, पट्टी वेगळी. संशोधनात याला रिस्पॉन्स शिफ्ट म्हणतात, आणि १९९९ मध्ये स्प्रँगर्स आणि श्वार्ट्झ यांनी त्याचे तीन प्रकार मांडले: पट्टीवरच्या खुणा सरकणं, कशाला महत्त्व हे बदलणं, आणि ‘चांगलं आयुष्य’ याचा अर्थच बदलणं. काही जण याला मोजमापातली चूक समजून गणिताने काढून टाकतात. माझ्या मते आपलं अर्धं काम तिथेच असतं. ते पकडायचा सोपा उपाय: आकडा मिळाल्यावर विचारा, “सात म्हणताना डोळ्यासमोर काय होतं?” उत्तराची एक ओळ आकड्याशेजारी लिहा. पुढच्या वर्षी ती ओळ आकड्यापेक्षा जास्त बोलते.

छोटे चढउतार मनावर घेऊ नका. सातचा सहा झाला तर त्या दिवशी लघवीचं इन्फेक्शन असेल. फरक किती मोठा असला की खरा मानायचा, याचा एक ढोबळ अंदाज म्हणजे प्रमाण विचलनाचा अर्धा भाग. एससीआय-क्यूओएलमध्ये साधारण ५ गुण. तो कायदा नाही. आणि पंधरा पेशंटांची सरासरी काढून विभागाची प्रगती दाखवू नका. त्यात तिघे नुकतेच घरी गेलेले असले की सरासरी पडणार, आणि तुम्ही काम वाईट केलं असं होणार.

रिपोर्ट वाचणारे विचारतील, मग सुधारणा दाखवायची कशात? मार्सेल डायकर्स यांनी १९९७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं. इजा किती वर आणि किती पूर्ण, याचा समाधानाशी संबंध कमकुवत. माणूस समाजात किती वावरतो, भूमिका किती निभावतो, याचा संबंध त्याहून जास्त. म्हणून माझ्या रिपोर्टात तीन रकाने शेजारी-शेजारी असतात: एससीआयएम, आठवड्यातून किती वेळा आणि कशासाठी घराबाहेर पडलात, आणि मूलभूत संचातले आकडे. पहिला वाढला आणि तिसरा पडला, तर मी मधल्या रकान्याकडे बघते. बहुतेक वेळा कारण तिथे सापडतं. नाही तर लघवी-संडासात. ‘बाहेर का जात नाही’ याचं उत्तर फार वेळा ‘मध्येच संडास झाली तर’ हे असतं, आणि ते कुठल्याही फॉर्मवर आपणहून लिहिलं जात नाही. संडासच्या वेळा नीट बसवल्या की माणूस लग्नाला जातो.

तुमच्या त्या पेशंटकडे परत जा. एसएफ-३६ लगेच बंद करू नका, जुने आकडे तुटतील. सोबत मूलभूत संच सुरू करा. आणि त्याला विचारा, मजेत म्हणजे काय काय. कदाचित तो खरंच मजेत असेल. कदाचित तुम्ही चांगले वाटता म्हणून तुम्हाला वाईट वाटू नये असं त्याला वाटत असेल, तेही होतं.

आणखी एक. फॉर्मच्या शेवटी मी हाताने एक रिकामी ओळ आखते: ‘आम्ही विचारलं नाही असं काही?’ ही त्या समासवाल्या गृहस्थांची देणगी. बहुतेक जण कोरी सोडतात. मागच्या महिन्यात एकाने लिहिलं, ‘डावं पुढचं चाक अडकतं. दोन महिने झाले.’ चाक काढलं तर आसाभोवती केस आणि दोऱ्यांची गच्च वळी बसली होती. ब्लेडने कापून काढायला दहा मिनिटं लागली. तो दोन महिने एकाच हातावर जोर देऊन खुर्ची ओढत होता, आणि समाधानाचा आकडा मागच्या वेळेइतकाच होता.